मशीन टूल नियंत्रणासाठी प्रोसेसरची निवड

लेथ, मिलिंग यंत्र किंवा राउटर यांच्या अक्षांची हालचाल, स्पिंडलचा वेग आणि सुरक्षा-सिग्नल सांभाळणारा एम्बेडेड प्रोसेसर निवडणे. प्रोसेसर ठरल्या क्षणी काम करतो का आणि तो बिघडला तर यंत्र काय करते, हे दोन प्रश्न आधी सोडवायचे. गिगाहर्ट्झचा विचार त्यानंतर.

स्टेपर मोटर प्रत्येक विद्युत पल्सला एक ठरलेले पाऊल फिरते; पल्स वेडेवाकडे मिळाले तर ती पावले चुकवते. एन्कोडर (प्रत्यक्ष स्थिती मोजणारा सेन्सर) नसलेल्या यंत्रात नियंत्रकाला त्याचा पत्ताही लागत नाही आणि टूल जॉबमध्ये भलतीकडेच घुसते. १६ मेगाहर्ट्झचा ८-बिट एटीमेगा ३२८पी जीआरबीएल या मुक्त फर्मवेअरवर सेकंदाला ३० हजारांपर्यंत स्थिर पल्स देतो. त्याच्या कितीतरी पट वेगवान संगणक सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टिमवर अडखळतो, कारण ती मध्येच इतर कामांना वेळ देते. बीगलबोन या छोट्या संगणक-बोर्डवरील एएम३३५८ चिपमध्ये मुख्य प्रोसेसर लिनक्स चालवतो आणि पल्सचे काम २०० मेगाहर्ट्झच्या दोन स्वतंत्र पीआरयूंवर (ठरल्या क्षणी काम करणाऱ्या छोट्या सहप्रोसेसरांवर) टाकता येते.

रीसेटच्या वेळी बहुतेक मायक्रोकंट्रोलरच्या पिना अधांतरी, म्हणजे कुठल्याही ठरावीक व्होल्टेजला न बांधलेल्या असतात. स्पिंडलच्या पिनेला शून्य व्होल्टकडे ओढून ठेवणारा योग्य पुल-डाउन रेझिस्टर नसेल, तर वीज येताच स्पिंडल फिरू शकते. वॉचडॉग (ठरावीक वेळेत प्रोग्रामकडून इशारा आला नाही तर प्रोसेसर रीसेट करणारा टायमर) सगळेच लावतात, पण तो इशारा टायमर इंटरप्टमधून (ठरावीक वेळाने मुख्य प्रोग्रामला मध्येच थांबवून आपोआप चालणाऱ्या तुकड्यातून) दिला तर वॉचडॉगचा उपयोग संपतो: मुख्य प्रोग्राम अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो. टीएमएस५७० सारख्या लॉकस्टेप चिपमध्ये दोन गाभे (कोर) एकच काम थोड्या अंतराने करतात आणि उत्तरे जुळली नाहीत तर त्रुटी जाहीर होते. मात्र दोन्ही गाभे एकच प्रोग्राम चालवत असल्याने प्रोग्राममधली चूक त्यातून सापडत नाही.

अशी चिप घेतल्याने यंत्र सुरक्षित ठरत नाही. आयएसओ १३८४९-१ या यंत्र-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ‘ए’ (सर्वांत कमी) ते ‘ई’ (सर्वांत जास्त) ही सुरक्षेची पातळी सेन्सरपासून काँटॅक्टरपर्यंतच्या (मोटरची वीज तोडणाऱ्या स्विचपर्यंतच्या) संपूर्ण साखळीला मिळते. आयईसी ६०२०४-१ या यंत्रांच्या विद्युत व्यवस्थेच्या मानकात आपत्कालीन थांब्यासाठी दोनच प्रकार मान्य आहेत: वीज तत्काळ तोडणे (प्रकार ०), किंवा आधी यंत्र नियंत्रितपणे थांबवून मग वीज तोडणे (प्रकार १). म्हणून लहान कारखान्यात हालचालीसाठी साधा मायक्रोकंट्रोलर आणि थांब्यासाठी वेगळा प्रमाणित सेफ्टी रिले (थांब्याच्या सिग्नलवर वीज तोडणारे उपकरण), ही विभागणी सर्वांत व्यवहार्य. वीज तुटल्यावर उभ्या अक्षाच्या मोटरचा जोर जातो आणि जड हेड खाली घसरू शकते; त्या अक्षाला स्प्रिंगने लागणारा ब्रेक हवाच.