एका बारात किती बार

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी खंडाळा तालुक्यातल्या सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. हाच तो बोरीचा बार. पुण्यात वाढलेल्या माझ्या भाच्याला मी म्हटलं, "चल, तुला बोरीचा बार दाखवतो." तर पठ्ठ्या विचारतो, "मामा, दुपारी उघडा असतो का?"

चूक त्याची नाही. 'बार' या दोन अक्षरांच्या शब्दात इतकी बिऱ्हाडं राहतात, की नेमकं कोणाचं दार वाजवलं हे कळायला जरा वेळ लागतोच. त्यात हे सगळे एकमेकांचे नातेवाईकही नाहीत.

आपला बार फारसीतून आलेला. फारसीत 'बार' म्हणजे ओझं. बंदुकीत दारू ठासली की बार भरला, चाप ओढला की बार उडाला, दारू ओली निघाली की फुसका बार. पारावर बसून तंबाखू मळणारेही बारच भरतात, आणि ते भरून झाल्याशिवाय गावच्या राजकारणावर तोंड उघडत नाहीत.

भाच्याच्या डोक्यातला बार इंग्रजी. तो जुन्या फ्रेंचमधून तिकडं गेला, आणि त्याचा पहिला अर्थ अगदी घरगुती आहे: दार आतून बंद करायचा दांडा. म्हणजे आपल्या वाड्यांच्या दाराला असायचा तो अडसर. मराठीत अडसर लाकडाचा होता, तो पुढं कामात येणारा, लग्नात येणारा, बढतीत येणारा अडसर झाला. इंग्रजी बारही त्याच वाटेनं गेला. दांड्याचा अडथळा झाला, अडथळ्याची मनाई झाली. दुसरीकडं आकार तेवढा उरला आणि लांबट असेल त्या प्रत्येक वस्तूला बार म्हणू लागले. साबणाची वडी, सोन्याची लगड, स्लॅबची सळई, चॉकलेट, सगळं त्यात आलं. दारूच्या दुकानात गिऱ्हाईक आणि बाटल्या यांच्या मधे जो कठडा असतो तो बार. कठड्याचं नाव पुढं सगळ्या दुकानाला पडलं.

न्यायालयातला बारही कठडाच. लंडनमध्ये वकिली शिकवणाऱ्या जुन्या संस्थांच्या दालनात असा कठडा असे आणि शिकाऊ पोरं त्याच्या अलीकडं बसत. ज्याला कठड्याशी बोलावलं तो बॅरिस्टर. साताऱ्यात राजवाड्यातल्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर असं नाव पडलं. आता तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या मुलानं १९१६ साली लंडनच्या ग्रेज इन या अशाच एका संस्थेत नाव घातलं आणि पुढं तो कठडा पार केला. मात्र राजवाडा म्हटल्यावर आठवणारा दरबार या घरातला नव्हे. तो फारसी: दर म्हणजे दार, आणि बार म्हणजे राजाची भेट. एक बार दार अडवतो, दुसरा आत घेतो.

बिस्किटाच्या पुड्यावरच्या काळ्या रेघा, म्हणजे बारकोड, हेही दांडेच. जोसेफ वुडलंड या अमेरिकन माणसानं मायामीच्या किनाऱ्यावर वाळूत बोटं ओढता ओढता ही कल्पना पकडली. भारतात दिलेल्या बारकोडचे आकडे ८९० ने सुरू होतात. घरात चहाचा पुडा असेल तर बघा.

इथवर सगळी मंडळी दांड्याची. आता खरी गंमत. हवेचा, वाफेचा दाब मोजायच्या एककालाही बार म्हणतात, आणि त्याचा अडसराशी काडीचा संबंध नाही. एक बार म्हणजे १ लाख पास्कल. समुद्रकाठी हवेचा दाब साधारण १.०१ बार असतो, म्हणजे तळहाताच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचं वजन. घाट चढत गेलं की डोक्यावरची हवा कमी होते. सुमारे १३७० मीटर उंचीच्या महाबळेश्वरात दाब ०.८६ बारच्या आसपास येतो आणि पाणी ९५-९६ अंशांवरच उकळतं. पातेल्यातली तूरडाळ तिथं जास्त वेळ घेते ती म्हणून, डाळ जुनी असते म्हणून नव्हे. कुकर लावला की आत साधारण एक बार दाब जास्तीचा चढतो आणि पाणी १२० अंशांच्या जवळ जातं. मग महाबळेश्वर काय नि मुंबई काय, फारसा फरक राहत नाही. नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी या बाराला हवामानशास्त्रात आणलं. नाव घेतलं ग्रीकमधून. 'बारोस' म्हणजे वजन, 'बारुस' म्हणजे जड. बॅरोमीटर त्यातलाच, बेरियम त्यातलाच.

बारोस म्हणजे वजन असं ऐकलं की कोणीही मराठी माणूस म्हणेल, हा तर आपला भार! मीही कित्येक वर्षं तसंच समजत होतो आणि वर्गात ठोकूनही देत होतो. ते चूक आहे. संस्कृत आणि ग्रीक एकाच आदिभाषेच्या लेकी असल्या, तरी त्यांचे आवाज नेमाने वेगवेगळे झाले. संस्कृतात भ असेल तिथं ग्रीकमध्ये फ येतो: भ्राता, तर तिकडं 'फ्रातेर'. भाराच्या मुळाशी भृ, म्हणजे वाहून नेणे. त्याचं ग्रीक भावंड 'फेरो'. फॉस्फरस या नावाच्या शेपटीत तेच बसलंय, कारण त्याचा अर्थ प्रकाश वाहणारा. मग ग्रीक ब कुणाचा? बऱ्याच शब्दांत तो आपल्या ग चा. गाय ती ग्रीकांची 'बूस', जाणे या अर्थाचा गम् तो त्यांचा 'बाइनो'. या हिशेबानं बारुसचं संस्कृत भावंड निघतं गुरु! गुरु म्हणजे मुळात जड. लघु-गुरु म्हणतो त्यातला गुरु. लॅटिनमध्ये हाच शब्द 'ग्राविस' झाला, त्यातून ग्रॅव्हिटी आली. म्हणजे कोणी ग्रॅव्हिटीला गुरुत्वाकर्षण म्हटलं, तेव्हा नकळत एकाच घरातल्या दोघांची गाठ घालून दिली.

भार बिचारा नात्याविना राहिला असं मात्र नाही. संस्कृत भार आणि फारसी बार सख्खे. तेव्हा बोरीच्या ओढ्यावर उडतो त्या बाराचं नातं भाराशी, आणि कुकरमधल्या बाराचं गुरुशी.

भाच्याला हे सगळं लोणंदपर्यंतच्या वाटेवर सांगून झालं. त्यानं एकच विचारलं, दांड्याचा बार आणि दाबाचा बार एका जागी भेटतात का? भेटतात. पट्टकादंब नावाचा हंस हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडं येतो. उजनीच्या पाण्यावर तर हमखास दिसतो. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, म्हणून इंग्रजीत त्याच्या नावातच बार आहे, दांड्यातला. आणि हिमालयावरून जाताना तो ७००० मीटरहूनही उंच उडाल्याची नोंद आहे. तिथं हवेचा दाब असतो फक्त ०.४१ बार.