मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, वेळ किती?

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. शेजारच्या न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर उतरलात तरी जवळपास तेवढंच; एडिसन, जर्सी सिटीकडे जायचं असेल तर नेवार्कच सोयीचं.

थेट विमानाला जाताना साधारण साडेपंधरा ते साडेसोळा तास लागतात, येताना चौदा ते पंधरा. अंतर तेच, मग दीड तासाचा फरक कुठून येतो? विमानं ज्या उंचीवर उडतात तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त, म्हणून जानेवारीतलं जाणं सगळ्यांत लांबतं.

पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो कझाकस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलँड करत ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशी जातो. सर्वांत जवळची वाट ती. प्रत्यक्षात वारा आणि बंद हवाई हद्दी पाहून मार्ग रोज ठरतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हद्द बंद केली, तेव्हा त्यांच्या अनेक विमानांना वळसा पडला.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ. जानेवारीत पहाटे 2 ला निघालेलं विमान सोळा तासांनी उतरतं, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे 6 आणि तिथे त्याच तारखेची सकाळ, 7.30. तिकीट पाहून प्रवास साडेपाच तासांचाच वाटतो!

खरा घोळ निघण्याच्या तारखेचा. तिकिटावर ‘15 तारीख, 1.30’ असेल तर विमानतळावर 14 च्या रात्री साडेनऊ-दहाला पोचायचं. 15 ला रात्री जेवून निघालात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं, आणि असं चुकलेलं तिकीट बहुतेक वेळा वायाच जातं. पुण्याहून येणाऱ्यांनी घाटातली कोंडी धरून सहा तास हाताशी ठेवावेत.

एक थांबा घेतला तर एकूण वीस ते चोवीस तास धरा. दोन तासांपेक्षा कमी थांब्याचं तिकीट स्वस्त असलं तरी आम्ही सुचवत नाही. दोन वेगळी तिकिटं जोडून घेतलीत आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढच्या विमानाची जबाबदारी कोणी घेत नाही. अमेरिकेतच विमान बदलायचं असेल तर तीन तास हवेत: पहिल्या शहरात इमिग्रेशन, मग सामान पट्ट्यावरून उचलून कस्टम्स, मग ते पुन्हा जमा करायचं. अबू धाबीमार्गे एतिहादने गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं. त्यासाठीही तिथला थांबा मोठा घ्या.

आईवडील एकटे जात असतील तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा, ऐनवेळी खोळंबा होतो. रोजची औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा. गोळ्या घड्याळावर घ्यायच्या की तासांच्या अंतराने, हे डॉक्टरांना आधीच विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच.