मोटोरोला : फोनची कंपनी वेगळी, वॉकी-टॉकीची वेगळी

वॉकी-टॉकीचा संच बिघडला की काही ग्राहक तो आधी मोबाइलच्या सेवा केंद्रात नेतात आणि तेथून परत पाठवल्यावर आमच्याकडे येतात. दोन्हींवर नाव एकच असल्याने असा समज होणे साहजिक आहे. परंतु ४ जानेवारी २०११ पासून या दोन स्वतंत्र कंपन्या आहेत.

मूळ कंपनी पॉल गॅल्विन व त्यांचे बंधू जोसेफ यांनी १९२८ मध्ये शिकागो येथे सुरू केली. तेव्हाचे बॅटरीवरचे रेडिओ घरच्या विजेवर चालवता येतील असे उपकरण ते बनवीत. थेट विजेवर चालणारे रेडिओ आल्यावर त्या उपकरणाची मागणी आटली, म्हणून १९३० मध्ये त्यांनी मोटारीत बसवायचा रेडिओ काढून त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. कंपनीने स्वतः ते नाव घेतले ते १९४७ मध्ये.

आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने महत्त्वाची वर्षे त्यामधली आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला दिलेला एससीआर-५३६ हा हातात धरायचा संच सुमारे सव्वादोन किलोचा होता. त्याला चालू-बंद करण्याचे वेगळे बटण नव्हते, एरियल बाहेर ओढली की तो सुरू होई. तो एएमवर, म्हणजे लहरींच्या उंचीतील बदलांतून आवाज वाहण्याच्या पद्धतीवर, चालत असल्याने इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर त्यात शिरत असे. १९४३ मध्ये आलेल्या, पाठीवर वाहायच्या एससीआर-३०० साठी कंपनीचे अभियंते डॅनियल नोबल यांनी एफएमचा आग्रह धरला, कारण अशी खरखर मुख्यतः लहरींच्या उंचीवर परिणाम करते, तर एफएममध्ये आवाज वारंवारितेतील बदलांतून वाहिला जातो. आमच्याकडील ॲनालॉग संच आजही एफएमवरच चालतात.

कंपनीचेच अभियंते मार्टिन कूपर यांनी १९७३ मध्ये हातातील मोबाइलवरून पहिला फोन केला आणि पुढे फोनच्या गाजावाजात रेडिओचा विभाग झाकोळला. २०११ च्या विभाजनात फोनचा व्यवसाय ‘मोटोरोला मोबिलिटी’कडे गेला, ती कंपनी २०१२ मध्ये गूगलने आणि २०१४ मध्ये लेनोवोने घेतली. वॉकी-टॉकी बनवणारी ‘मोटोरोला सोल्युशन्स’ कायद्याने मूळ कंपनीची वारस असली, तरी नावाची मालकी मात्र फोनच्या बाजूला गेली आणि वारसाला स्वतःचेच नाव परवान्याने वापरावे लागले!

म्हणून दुरुस्तीसाठी संच थेट आमच्याकडे आणावा. येण्यापूर्वी फोन करणार असल्यास बॅटरी काढून तिच्याखालील पट्टीवरचा मॉडेल व अनुक्रमांक लिहून ठेवावा.