बाजाराचा वार गेला, तिथून सुरुवात झाली

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात माझ्या लहानपणी खरेदीला एक वार होता, मंगळवार. शेजारच्या गावात बाजार भरायचा अन् आजी सोमवारी रात्रीच तोंडी यादी करायची, तेल, मीठ, चहापत्ती, लसूण, आणि तेवढेच पैसे मोजून पदराच्या गाठीत. बाजारात एखादं पातेलं आवडलं तर उलटंसुलटं करून पाहायची, बोटानं वाजवायची, आणि खाली ठेवून द्यायची, "पुढच्या बाजाराले पाहू" म्हणून. पुढच्या मंगळवारी ते पातेलं तिच्या ध्यानातही नसायचं. आजीचा स्वभाव काटकसरी होता हे खरंच, पण त्याहून जास्त म्हणजे तेव्हा मध्ये आठ दिवस होते, चार किलोमीटर पायवाट होती आणि हातात मोजकी रोकड होती. दिसलं की लगेच घेतलं अशा खरेदीच्या आड येणारे हे अडसर एकेक करून कसे निघत गेले ते समजून घ्यायला पाहिजे, नाहीतर आपण नुसतं आजकालच्या पोरांना उधळे म्हणत बसतो.

पैसा एकदम येणं हे मात्र आपल्या वऱ्हाडाचं जुनंच दुखणं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना म्हणून आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मग युद्ध संपलं अन् भाव खाली. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, खामगावसारख्या कापसाच्या बाजाराला फाटा निघाला, आणि कास्तकाराचं घर कायमचं कापसाच्या भावाला बांधलं गेलं. पुढे १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा, तेव्हाही रीत तीच, वर्षभर किराण्याच्या वहीत उधारी आणि चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हातात पडला की कपडे, भांडी, सोनं, सगळं त्याच पंधरवड्यात. त्या पंधरवड्यात माणूस हिशेब करत नाही, त्याला वर्षभर मन मारल्याचं आठवत असतं, आणि यात मला त्याची चूक दिसत नाही.

आता दुकानाकडे या. आपला किराणावाला काउंटरच्या आत, माल त्याच्या पाठीमागे, जे तोंडानं मागाल तेच मिळणार. गिऱ्हाइकानं स्वतः टोपली घेऊन माल उचलायचा, हा प्रकार अमेरिकेत मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स याने १९१६ ला पिगली विगली नावाच्या दुकानात सुरू केला. माल हाताशी आला की यादीबाहेरचं उचललं जातं, आणि यावर १९६२ मध्ये हॉकिन्स स्टर्न या अभ्यासकानं लेख लिहून अशा खरेदीचे चार प्रकार सांगितले. त्यातला एक मला फार पटतो, वस्तू दिसली आणि घरातलं संपल्याचं आठवलं. म्हणजे यादीबाहेरची प्रत्येक वस्तू उधळपट्टी नसते, मिठाचा पुडा दिसला आणि घेतला तर त्यात काय वाईट. आपल्या तालुक्याला मार्ट आले ते फार नंतर.

पण खरा बदल मोबाईलनं केला. २०१० ला फ्लिपकार्टनं माल हातात आल्यावर पैसे द्यायची सोय दिली, म्हणजे कार्ड नसलेला माणूसही ऑर्डर टाकू शकला. मग २०१६ या एकाच वर्षात यूपीआय आलं, सप्टेंबरमध्ये जिओचा फुकट डेटा आला आणि ८ नोव्हेंबरला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. पदराची गाठ सोडताना नोट हातातून जाते ते दिसतं, स्कॅन करताना दिसत नाही. अमेरिकेत प्रेलेक आणि सिमेस्टर या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं होतं की सामन्याच्या तिकिटावर बोली लावताना कार्डवाले रोखीवाल्यांच्या जवळपास दुप्पट बोलतात, आणि तिकीट तर तेच होतं.

मागच्या हंगामात आमच्या घरी दोन महिन्यांत अकरा पार्सलं आली, डिलिव्हरीवाला फाट्यावरून फोन करायचा आणि मी गाडी काढून जायचो. त्यातलं भाजी कापायचं यंत्र अजून खोक्यात आहे. ऑर्डर केली तेव्हा स्क्रीनवर "फक्त २ शिल्लक" असं लाल अक्षरात होतं, आठ दिवसांनी पाहिलं तरी दोनच शिल्लक. अशी खोटी घाई लावणं, न मागितलेली वस्तू बिलात टाकणं, असे १३ प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मनाई केलेत. हे आपल्या लोकांना माहीतच नाही, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला पाहिजे असं मला वाटतं.

एक जुना अडसर मात्र गावात अजून टिकून आहे, बचत गट. नाबार्ड या शेती अन् खेड्यांसाठीच्या सरकारी बँकेनं १९९२ पासून गट बँकेला जोडायला सुरुवात केली तेव्हापासून रीत हीच, कर्ज पाहिजे तर दहा बायांसमोर बसून कारण सांगायचं. माझी बायको मागच्या बैठकीत मिक्सरसाठी पैसे मागायला गेली होती, गटातल्या मावशींनी एवढंच विचारलं, "जुन्याले काय झालं वं?" जुन्याचं नुसतं भांडं गळत होतं. बुधवारी तालुक्याला जाऊन रबर बदलून आणलं, चाळीस रुपये लागले.