कंट्रोल झेडची उलटापालट: डिझाइन सॉफ्टवेअरमधल्या शॉर्टकटची पार्श्वभूमी

डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याच्या, खोलीत कुणी 'कंट्रोल डी मार' म्हणालं, तर समोर कोणतं सॉफ्टवेअर उघडलं आहे ते आधी बघावं लागतं. कोरलड्रॉमध्ये त्याने वस्तूची नक्कल निघते, फोटोशॉपमध्ये केलेलं सिलेक्शन सुटतं, इलस्ट्रेटरमध्ये आधी केलेला फिरवाफिरवीचा हिशेब पुन्हा लागू होतो, तर पेजमेकर आणि इनडिझाइनमध्ये बाहेरची फाईल पानावर आणायची खिडकी उघडते. एकाच कीचे हे चार अर्थ कुणी बसून ठरवलेले नाहीत. हे प्रोग्राम वेगवेगळ्या घरांत जन्मले आणि आपापल्या घरच्या सवयी घेऊन एकाच टेबलावर आले.

झेड (अनडू, म्हणजे केलेलं मागे घेणं), एक्स (कापणं), सी (कॉपी), व्ही (चिकटवणं) ही चौकडी ॲपलच्या 1983 च्या लिसा संगणकावर दिसली आणि पुढच्या वर्षी मॅकिंटॉशमुळे रुळली. चारही की डाव्या हाताखाली, एका ओळीत; उजवा हात माउसवरच राहतो. विंडोजच्या जगात तेव्हा वेगळी रीत होती. तिथे अनडूसाठी ऑल्ट+बॅकस्पेस दाबत. 1992 च्या विंडोज 3.1 पासून कंट्रोल+झेडची मंडळी तिथेही आली, पण जुन्या की लगेच हटल्या नाहीत. फोटोशॉपमध्ये मात्र ऑल्ट+बॅकस्पेसने निवडलेल्या भागात रंग भरला जातो. म्हणजे जी एकाची पुसायची की, तीच दुसऱ्याची रंगवायची.

आपल्याकडच्या कामाला वळण लावलं ते कोरलड्रॉने. हा प्रोग्राम 1989 मध्ये विंडोजवरच जन्मला, त्यामुळे त्याची निम्मी हत्यारं कीबोर्डच्या वरच्या एफ-ओळीत आहेत: एफ 6 चौकोन, एफ 7 वर्तुळ, एफ 8 अक्षरं, एफ 10 शेप टूल, एफ 12 आउटलाइन. लग्नपत्रिका, बिलबुकं, पुढे फ्लेक्स, हे सगळं या ओळीवर उभं राहिलं. क्लासमध्ये शॉर्टकटचा झेरॉक्स कागद मिळायचा आणि तो मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असायचा. त्याच्या शेजारी दुसरा कागद असे, मराठी फॉन्टमधली अडलेली जोडाक्षरं काढायला ऑल्ट धरून कोणते आकडे दाबायचे त्याचा. आणि सगळ्यात जास्त दाबली जाणारी की म्हणजे कंट्रोल+एस. भारनियमनाच्या दिवसांत वीज जायची वेळ छापून यायची खरी, पण वीज त्या वेळेची वाट बघत नसे.

कोरलड्रॉमधलं मराठी कामाचं खरं मर्म कंट्रोल+क्यू. तिथे त्याचा अर्थ 'कन्व्हर्ट टू कर्व्हज'. युनिकोड रुळण्याआधीचे मराठी फॉन्ट ज्याच्या त्याच्या सॉफ्टवेअरसोबत येत. ते प्रेसवाल्याकडे नसले की 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. म्हणून फाईल पाठवण्याआधी 'कर्व्ह करून दे' हा दंडक. एकदा कर्व्ह झालं की अक्षर हे अक्षर उरत नाही, नुसता आकार होतो. वेलांटी चुकलेली सापडली तर टाइप करून दुरुस्त करता येत नाही. शहाणा ऑपरेटर त्यामुळे एकाच पत्रिकेच्या दोन फायली ठेवतो, एक टेक्स्टची आणि एक कर्व्हची. हीच की फोटोशॉपमध्ये किंवा इलस्ट्रेटरमध्ये दाबली की प्रोग्रामच बंद व्हायला निघतो. कारण ते दोघे मूळचे मॅकवरचे आणि मॅकवर क्यू म्हणजे बाहेर पडणं. विंडोजवर त्या कामाला ऑल्ट+एफ 4 होतं, म्हणून कोरलड्रॉला क्यू मोकळा सापडला.

आता मूळ मुद्दा, कंट्रोल+झेडचा. फोटोशॉप 1990 मध्ये मॅकवर आलं तेव्हा अनडू एकाच पायरीचं होतं. चित्राच्या प्रत्येक अवस्थेची प्रत जपायला लागणारी मेमरी तेव्हाच्या यंत्रांत नव्हती. कंट्रोल+झेड एकदा दाबलं की शेवटचं काम मागे जाई, पुन्हा दाबलं की परत येई. ही मर्यादा फोटो साफ करणाऱ्यांनी सोय करून टाकली. चेहऱ्यावरचा डाग काढायचा आणि मग झेड-झेड-झेड मारत आधीचं आणि नंतरचं डोळ्यांसमोर लुकलुकवायचं. फरक नेमका कळतो. 1998 च्या पाचव्या आवृत्तीत हिस्टरी पॅलेट, म्हणजे केलेल्या पायऱ्यांची यादी, आलं आणि अनेक पायऱ्या मागे जाता येऊ लागलं, पण त्यासाठी वेगळी की ठेवली: कंट्रोल+ऑल्ट+झेड. जुन्या कीला हात लावला नाही.

वीस वर्षं असंच चाललं. कोरलड्रॉमध्ये झेड दाबत राहिलं की पायरी-पायरीने मागे, फोटोशॉपमध्ये ऑल्टसकट. दिवसभर दोन्हींत काम करणाऱ्याची बोटं हे न विचारता करत असत. मग ऑक्टोबर 2018 मध्ये फोटोशॉपची सीसी 2019 आवृत्ती आली आणि कंट्रोल+झेड इतरांसारखं पायरी-पायरीने मागे जाऊ लागलं. लुकलुकवायचं काम दिलं कंट्रोल+ऑल्ट+झेडला. नीट पाहिलं तर हा नुसता बदल नाही, अदलाबदल आहे. पाच पायऱ्या मागे जायला सवयीने कंट्रोल+ऑल्ट+झेड पाचदा दाबणाऱ्याला फक्त शेवटची पायरी जाताना-येताना दिसू लागली. डाग तपासायला झेड-झेड मारणाऱ्याचं खरंखुरं काम दोन पायऱ्या मागे गेलं.

बदलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: नवशिक्याला इतर सगळीकडे जे येतं तेच इथे यावं. ते चूक नाही. पण फोटोशॉपच्या 2003 च्या सीएस आवृत्तीपासून शॉर्टकट आपल्या मनासारखे बदलता येत होते. ज्याला पायऱ्या हव्या त्याने त्या करून घेतल्याही होत्या. पानं जुळवणाऱ्या इनडिझाइनने तर प्रतिस्पर्धी प्रोग्राम क्वार्क एक्सप्रेसचे शॉर्टकट आयते संच म्हणून देऊन त्या ऑपरेटरांना आपल्याकडे ओढलं. बोटांची सवय ही ग्राहकाची ठेव असते हे या धंद्यात माहीत होतं. जुन्या रीतीसाठी शॉर्टकटच्या खिडकीत खूण करायची एक चौकट ठेवली गेली खरी, पण निवडायचं कष्ट जुन्या माणसावर टाकलं.

त्याच सीसी 2019 आवृत्तीत फ्री ट्रान्सफॉर्म, म्हणजे चित्र लहान-मोठं करायची सोय, हेही उलटं झालं. पूर्वी शिफ्ट धरली की फोटो प्रमाणात लहान-मोठा व्हायचा, आता शिफ्ट न धरता होऊ लागला आणि धरली की चेपला जाऊ लागला. त्यातही फोटोच्या लेअरला (थराला) एक नियम आणि फोटोशॉपमध्येच काढलेल्या शेपला (आकाराला) जुनाच, असं वर्षभर चाललं. सुरुवातीला जुनी रीत परत आणायला एक छोटी टेक्स्ट फाईल लिहून सेटिंगच्या फोल्डरमध्ये ठेवावी लागे. प्रेफरन्समधली खूण नंतर आली. पासपोर्ट फोटोच्या दुकानात चपटे चेहरे निघाले ते या दिवसांत. फोटोशॉपसारख्याच अडोबीच्या इलस्ट्रेटरमध्ये अजूनही प्रमाण राखायला शिफ्टच धरावी लागते, म्हणजे सगळीकडे सारखं करण्याचं कारण एकाच घरातल्या दुसऱ्या खोलीपर्यंतही पोहोचलं नाही.

दोन पाळ्यांत चालणाऱ्या दुकानात एकाच संगणकावर जुना आणि नवा असे दोन ऑपरेटर बसतात. एक सकाळी येऊन जुन्या अनडूच्या चौकटीत खूण करतो, दुसरा दुपारी ती काढतो, आणि दोन्ही वेळा फोटोशॉप बंद करून पुन्हा चालू करावं लागतं.