पेट्रोल की वीज? गाडीवेड्यांच्या भांडणाची सव्वाशे वर्षं

चार गाडीवेडे एकत्र आले आणि विजेच्या गाडीचा विषय निघाला, की दोन तट पडायला वेळ लागत नाही. एकाला शून्य ते शंभरचे आकडे, म्हणजे कुठली गाडी किती सेकंदांत ताशी शंभर किलोमीटरला पोचते ते, तोंडपाठ असतात. दुसऱ्याला त्या आकड्यांशी देणंघेणं नसतं. त्याला इंजिनाचा आवाज हवा असतो, हाताखाली गिअर हवा असतो. हे भांडण टेस्लापासून सुरू झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात ते जवळपास पेट्रोलगाडीइतकंच जुनं आहे. मधल्या काळात बदलत आली ती मोजपट्टी, आणि ती बहुतेक वेळा मागे पडणाऱ्या बाजूनं बदलली.

१८८६ साली कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी पेट्रोलगाडीसाठी पेटंटचा अर्ज केला, त्याच्या पाच वर्षं आधीच ग्युस्ताव्ह त्रूव्हे यांची विजेवरची तीनचाकी पॅरिसच्या रस्त्यावर धावली होती. विसावं शतक उंबरठ्यावर असताना वाफ, वीज आणि पेट्रोल असे तिघेही शर्यतीत होते. १९०० मध्ये अमेरिकेत ४,१९२ गाड्या तयार झाल्या. त्यांत वाफेच्या १,६८१, विजेच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६.

वेगाचा विक्रमही तेव्हा विजेकडेच होता. डिसेंबर १८९८ मध्ये गास्तों द शास्लू-लोबा यांनी विजेच्या गाडीतून ताशी ६३ किलोमीटरचा वेग गाठला. पुढचे चार महिने ते आणि बेल्जियमचे कामी जेनात्झी एकमेकांचा विक्रम मोडत राहिले. अखेर २९ एप्रिल १८९९ रोजी जेनात्झींची टॉर्पेडोच्या आकाराची विजेची गाडी पॅरिसजवळ ताशी १०५.८८ किलोमीटरनं धावली. रस्त्यावरच्या वाहनानं ताशी शंभरचा टप्पा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. गंमत अशी, की याच जेनात्झींनी १९०३ मध्ये आयर्लंडमधली गॉर्डन बेनेट शर्यत जिंकली ती पेट्रोलवरच्या मर्सिडीजमधून. वारं कुठं वळतंय हे त्यांना कळलं असावं.

त्या काळी पेट्रोलगाडी चालू करणं हाच एक व्याप होता. आधी स्पार्कचं टायमिंग मागे घ्यायचं, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल असं करायचं, चोक ओढायचा, मग पुढे जाऊन हँडल मारायचं. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिनानं उलटा झटका दिला तर आडवा ठेवलेला अंगठा मोडायचा, कधी मनगटही. विजेच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. बसा, लिव्हर सरकवा, निघा. धूर नाही, वास नाही, गिअर बदलायची कटकट नाही. हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारासुद्धा डेट्रॉइट इलेक्ट्रिकची गाडी वापरत. उत्पादकांनी मग जाहिरातीही स्त्रियांना समोर ठेवून केल्या, आणि ‘बायकांची गाडी’ हा शिक्का बसला तो बसलाच. पेट्रोलवाल्यांच्या टिंगलीत तो आजही अधूनमधून डोकावतो.

मग वीज हरली कशी? वेगावर नाही, अंतरावर. शिसं आणि आम्लाच्या बॅटऱ्या जड होत्या, एका चार्जिंगमध्ये शहर फिरून व्हायचं, पण गावाबाहेर चार्जिंगची सोयच नसायची. १९०१ मध्ये टेक्सासात स्पिंडलटॉपला तेलाचा फवारा उडाला आणि पेट्रोलचा पुरवठा वाढत गेला. १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली, १९१३ मध्ये सरकती असेंब्ली लाइन आली आणि किमती कोसळल्या. शेवटचा घाव १९१२ मध्ये कॅडिलॅकनं घातला. चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला सेल्फ स्टार्टर त्या गाडीत होता आणि हँडल मारायची गरजच संपली. पेट्रोल इंजिनाला गादीवर बसवलं ते एका छोट्या विजेच्या मोटरनं, हे पेट्रोलवाल्यांच्या इतिहासात फारसं सांगितलं जात नाही.

पुढची पन्नासेक वर्षं मैदान एकट्या पेट्रोलचं होतं, आणि आज ज्याला आपण गाडीचं वेड म्हणतो ते याच काळात घडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतली पोरं जुन्या फोर्ड गाड्या घेऊन त्यांची इंजिनं गॅरेजमध्ये उघडू लागली, हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या गाड्या, बनवू लागली. १९६४ मध्ये पाँटिअॅक जीटीओनं मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांचं इंजिन, बसवलं आणि अशा दांडग्या इंजिनाच्या गाड्यांचं, मसल कारचं, युग आलं. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचा जेट बदलायचा, टायमिंग लावायचं, सायलेन्सर मोकळा करायचा आणि फरक लगेच कानाला कळायचा. गाडी आपल्या हातानं सुधारता येते, हा त्या छंदाचा गाभा होता. माझ्या मते पेट्रोलच्या बाजूनं जो खरा युक्तिवाद आहे तो इथेच आहे. पेट्रोल या द्रवावर प्रेम करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

या छंदाला पहिला धक्काही विजेनं दिला नाही. १९७० चा अमेरिकेतला स्वच्छ हवा कायदा, १९७३ चं तेलसंकट, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसंविरहित पेट्रोल यांनी मसल कारचा दम काढला. ‘गाड्यांचा जमाना संपला’ ही ओरड तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं झाली. नंतर ती होतच राहिली. कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं तेव्हा झाली. पोर्शेनं ९११ चं हवेवर थंड होणारं इंजिन नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंद करून पाण्यावरचं आणलं तेव्हा झाली. त्या गाडीला अस्सल ९११ न मानणारे आजही आहेत. २०१४ मध्ये फॉर्म्युला वननं २.४ लिटरचं व्ही-८ सोडून १.६ लिटरचं टर्बो हायब्रिड, म्हणजे विजेच्या मोटरची जोड असलेलं छोटं इंजिन, घेतलं, तेव्हा पहिली तक्रार वेगाची नव्हती, आवाजाची होती.

विजेचं पुनरागमन रखडत झालं. १९९० मध्ये कॅलिफोर्नियानं नियम केला, की १९९८ पर्यंत मोठ्या कंपन्यांच्या विक्रीतल्या दोन टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या असाव्यात. त्यातून जनरल मोटर्सची ईव्ही-१ आली. १,११७ गाड्या, त्याही फक्त भाड्यानं. नियम सैल झाला, कंपनीनं गाड्या परत घेतल्या आणि बहुतेक चुरडून टाकल्या. २००५ मध्ये उरलेल्या गाड्या वाचवण्यासाठी लोक कॅलिफोर्नियातल्या बर्बँकमध्ये धरणं धरून बसले होते. विजेच्या गाडीवर कुणी जीव लावत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग वाचावा.

खरा फरक लिथियम-आयन बॅटरीनं पाडला. १९९१ मध्ये सोनीनं ती बाजारात आणली, पण कॅमेऱ्यासारख्या छोट्या उपकरणांसाठी. २००८ मध्ये आलेल्या टेस्ला रोडस्टरमध्ये लॅपटॉपमध्ये असतात तसे ६,८३१ सेल होते, आणि मूळ साचा लोटस एलिसचा, म्हणजे गाडीवेड्यांच्या लाडक्या, हलक्या स्पोर्ट्स गाडीचा. शून्य ते शंभर चारेक सेकंदांत. ‘गोल्फच्या मैदानातली गाडी’ ही थट्टा तिथं संपली.

उरलंसुरलं २०१८ मध्ये पाइक्स पीकवर संपलं. कोलोरॅडोतला हा घाटरस्ता सुमारे २० किलोमीटरचा, १५६ वळणांचा, आणि संपतो ४,३०२ मीटर उंचीवर. वर जाल तशी हवा विरळ होते, इंजिनाला प्राणवायू कमी पडतो आणि ताकद घटत जाते. मोटरला हवा लागतच नाही. रोमॅं द्युमा यांनी फोक्सवॅगनच्या विजेच्या गाडीतून ७ मिनिटं ५७.१ सेकंदांत शिखर गाठलं. आधीचा विक्रम सेबास्तियन लोब यांचा, ८ मिनिटं १३.९ सेकंद, अर्थातच पेट्रोलवर.

इथून पेट्रोलवाल्यांनी स्टॉपवॉच खाली ठेवलं आणि वजनकाटा उचलला. तो मुद्दा बिनतोड आहे. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा असते, एक किलोच्या चांगल्या सेलमध्ये जेमतेम पाव युनिट. इंजिन त्यातली बहुतांश उष्णतेत घालवतं आणि मोटर नव्वद टक्क्यांच्या आसपास वापरते, हे खरं. तरी बॅटरीचं ओझं उरतंच. १९९६ ची पहिली एलिस ७२५ किलोची होती. आजची तगडी विजेची गाडी सहज दोन टनांच्या पुढे जाते. सरळ रस्त्यावर ते जाणवत नाही, ब्रेक आणि वळण आलं की जाणवतं. ‘वीज तरी कोळशाचीच ना’ हा दुसरा लाडका मुद्दा मात्र ज्या त्या देशाच्या वीजनिर्मितीवर ठरतो, सरसकट खरा नाही.

आवाज नाही, गिअर नाही, या जुन्या तक्रारीला विजेच्या बाजूनं दिलेलं उत्तर मजेशीर आहे. पादचाऱ्यांसाठी कमी वेगात आवाज करणं युरोपात २०२१ पासून सर्व नव्या विजेच्या गाड्यांना सक्तीचं आहे. ह्युंदाईनं २०२३ च्या आयोनिक ५ एन मध्ये त्यापुढे मजल मारली. स्टीअरिंगमागचं पॅडल ओढलं की नसलेला गिअर पडतो, टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, क्षणभर तुटतो, झटका बसतो, स्पीकरमधून इंजिन गुरगुरतं, आणि गिअर वेळेवर टाकला नाही तर गाडी खोट्या आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) मर्यादेवर अडखळते. कित्येकांनी नाक मुरडलं, पण चालवून आलेल्यांत पेट्रोलवालेही हसत उतरले. नाटक आहे हे उघड सांगून केलेलं नाटक मला तरी खटकत नाही.

उलटा प्रवासही चालू आहे. नेव्हेरा ही विजेची हायपरकार, म्हणजे अतिवेगवान आणि अतिमहाग गाडी, बनवणारे माटे रिमाक आता बुगाटीचंही काम पाहतात, आणि २०२४ मध्ये त्यांनी बुगाटीची जी गाडी आणली तिच्यात टर्बो नसलेलं ८.३ लिटरचं, सोळा सिलिंडरांचं व्ही-१६ इंजिन आहे, सोबत विजेच्या मोटरी. पैसेवाल्या शौकिनाला मनगटावर जसं चावीचं घड्याळच हवं असतं तसं गाडीत इंजिनच हवं असतं, हे त्यांनी ओळखलं.

कायद्याचं गाडं अजून हेलकावतंय. २०३५ पासून युरोपात नव्या गाड्यांचं कार्बन उत्सर्जन शून्य असावं असं २०२३ मध्ये ठरलं. जर्मनीनं कृत्रिम इंधनासाठी, म्हणजे तेलाच्या विहिरीऐवजी विजेच्या मदतीनं बनवलेल्या इंधनासाठी, फट ठेवून घेतली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानंच शंभराऐवजी नव्वद टक्के कपातीचा प्रस्ताव पुढे केला. चिलीत पोर्शेच्या भागीदारीतल्या प्रकल्पात पवनविजेपासून असं इंधन थोड्या प्रमाणात बनतंय. मात्र तीच वीज थेट बॅटरीत भरली तर गाडी कितीतरी पट लांब जाते.

दरम्यान नवा तंटा जुन्या गाड्यांवरून पेटलाय: साठच्या दशकातल्या गाडीचं इंजिन काढून मोटर बसवावी का? जुन्या वाहनांची जागतिक संघटना फीव्हा म्हणते, अशी गाडी ऐतिहासिक राहत नाही. ज्यांना तरीही बदल करायचाय त्यांनी तो परत फिरवता येईल असा करावा आणि काढलेले मूळ भाग खुणा करून जपून ठेवावेत, असा तिचा सल्ला आहे.