गव्हर्नरचा बंगला ते सावित्रीबाईंचं विद्यापीठ

पुण्यात ‘विद्यापीठ’ म्हटलं की आधी चौक आठवतो, मग वाहतूक कोंडी आणि शिक्षण सगळ्यात शेवटी. पण फाटकातून आत शिरून झाडांच्या सावलीतून मुख्य इमारतीपाशी पोचलं, की ही वास्तू शिकवण्यासाठी बांधलेली नाही हे लगेच कळतं. उंच मनोरा, कमानींचे व्हरांडे, पुढे हिरवळ. मुंबईच्या गव्हर्नरला पावसाळ्यात राहायला म्हणून तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी १८६०च्या दशकात गणेशखिंडीत हे ‘गव्हर्नमेंट हाउस’ बांधायला घेतलं. धाटणी इटालियन, हात सढळ. त्या खर्चावरून तेव्हाही बोंब झालीच.

या बंगल्याचं नाव महाराष्ट्राच्या इतिहासात कायमचं कोरलं गेलं ते मात्र एका रात्रीमुळे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. प्लेग कमिशनर रँड याने घरोघरी तपासणीसाठी गोरे सोजिर घुसवले होते आणि शहर आतून धुमसत होतं. त्यात २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव आला. गव्हर्नमेंट हाउसवर मेजवानी झाली, रोषणाई झाली. समारंभ आटोपून पाहुण्यांच्या बग्ग्या परत निघाल्या. गणेशखिंडीच्या रस्त्यावर ‘गोंद्या आला रे’ ही खुणेची आरोळी उठली आणि दामोदर चापेकरांनी रँडवर, तर बाळकृष्ण चापेकरांनी मागच्या बग्गीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला. रँड ३ जुलैपर्यंत तगला. ज्या रस्त्यावर आज परीक्षेला उशीर झालेली मुलं रिक्षावाल्याची मनधरणी करत असतात, तो हाच.

विद्यापीठाची कहाणी यानंतर अर्ध्या शतकाने सुरू होते. तोवर या भागातली महाविद्यालयं १८५७च्या मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. शिकायचं पुण्यात, पदवी मुंबईची. फर्ग्युसन, डेक्कन कॉलेज, स. प. यांसारख्या संस्था असलेल्या शहराला हे खटकणं साहजिकच होतं. महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठाचा विचार करायला सरकारने बॅ. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पुढे १९४८चा कायदा झाला, १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झालं आणि पहिले कुलगुरू जयकरच झाले. सुरुवातीचे काही महिने कारभार भांडारकर संस्थेच्या निजाम अतिथिगृहातून चालला. मग बाळासाहेब खेरांच्या सरकारने गणेशखिंडीचा चारशेहून अधिक एकरांचा परिसर विद्यापीठाला दिला. गव्हर्नरच्या मेजवान्यांची जागा मुलांच्या हवाली करण्याचा हा निर्णय मला आजही त्या काळातला सर्वांत देखणा सरकारी निर्णय वाटतो.

सुरुवातीला कार्यक्षेत्र होतं बारा जिल्ह्यांचं, संलग्न महाविद्यालयं फक्त १८ आणि विद्यार्थी आठ हजारांच्या वर. नंतर नकाशा आकसत गेला. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघालं आणि दक्षिणेकडचा भाग तिकडे गेला. १९९० साली जळगावच्या विद्यापीठाने धुळे-जळगाव घेतलं. उरले पुणे, नगर आणि नाशिक. जिल्हे कमी झाले, मुलं मात्र वाढतच गेली. यातल्या कितीतरी जणांनी गणेशखिंडीचा मनोरा पदवीदान समारंभालाही पाहिलेला नसतो. त्यांच्यासाठी विद्यापीठ म्हणजे हॉलतिकीट, निकाल आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज.

जे आवारात राहून शिकतात त्यांच्या आठवणी वेगळ्या. जयकर ग्रंथालयातली पेटी-दप्तर ठेवून धरलेली जागा, अनिकेत कँटीनचा चहा आणि ‘कमवा आणि शिका’. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत मुलं कार्यालयात, ग्रंथालयात, बागेत काही तास काम करतात आणि त्या मानधनावर खेड्यातून आलेल्या मुलाचा महिना निभावतो. विद्यापीठाचं ब्रीद ‘यः क्रियावान् स पण्डितः’, म्हणजे जो कृती करतो तोच पंडित, असं आहे. ते मुद्रेवर आहेच, पण खरं दिसतं ते सकाळी झाडांना पाणी घालून मग तासाला बसणाऱ्या मुलात.

२०१४ साली विद्यापीठाच्या नावात सावित्रीबाई फुले आल्या. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी लोकांना जीव गमवावा लागला होता. त्या मानाने पुण्यातला बदल शांतपणे झाला. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींना शिकवणाऱ्या बाईचं नाव विद्यापीठाला दिलं, एवढंच बहुतेकांच्या लक्षात असतं. सावित्रीबाई गेल्या त्या १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना तोच रोग जडून. गव्हर्नमेंट हाउसवर रोषणाई झाली ती त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, साथ तीच. आता त्या बंगल्यावर पाटी त्यांच्या नावाची आहे. रिक्षावाल्याला मात्र लोक अजून ‘युनिव्हर्सिटी’ एवढंच सांगतात.